काकांचा पिस्टन

प्रत्येक घरात एक तरी वस्तू अशी असते, की ती ठेवण्यात काही अर्थ नसतो आणि टाकायचं धाडस कुणाला नसतं. कोकणातल्या घरांत अशा वस्तूंसाठी माळा नावाची स्वतंत्र सोय असते. माळ्यावर गेलेली वस्तू कैलासवासी झालेल्या नातेवाइकासारखी. तिच्याविषयी सगळे चांगलं बोलतात, पण तिने परत खाली यावं असं कुणालाच वाटत नाही.

आमच्या मिरजोळ्याच्या घरातली ही वस्तू मात्र माळ्यावर कधी गेलीच नाही. वर्षानुवर्षं ती ओटीवर, झोपाळ्याशेजारच्या स्टुलावर बसून आहे. वस्तू म्हणजे विमानाच्या इंजिनाचा एक पिस्टन. उलटा ठेवला की आतून पोकळ, आणि त्या पोकळीतून एक जाड पोलादी पिन आडवी गेलेली. आमच्या थोरल्या काकांनी त्याचं पानाचं तबक केलं होतं. पिनच्या अलीकडे सुपारी नि अडकित्ता, पलीकडे चुन्याची डबी, कात आणि लवंगा. परदेशात म्हणे असल्या पिस्टनचे अॅशट्रे करत. आमच्याकडे येऊन तो सोवळ्यातला झाला.

काका मुंबईला सांताक्रूझच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते. गणपतीला गावी आले की आम्ही पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो. काका विमानात आहेत, एवढंच आम्हांला ठाऊक. त्यामुळे ते ढगांतून येतात नि ढगांत जातात अशी आमची समजूत. एकदा मी विचारलं,

"काका, तुम्ही विमानात काय करता?"

"पुसतो," काका म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले.

माझी घोर निराशा झाली. पुसायचं काम तर आमची आईही करायची, आणि ती सांताक्रूझला गेलेली नव्हती. पण काकांच्या नखांतलं काळं तेल मात्र खरं होतं. ते गणपतीतही जायचं नाही आणि कुणाच्या लग्नातही जायचं नाही. काकू वाढायला बसल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "हात धुतल्याशिवाय पानावर बसू नका." काका ओले हात दाखवत म्हणायचे, "धुतलेत गो, हा रंग आतला आहे."

निवृत्त होऊन आले तेव्हा त्यांनी बरोबर तीन गोष्टी आणल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक बारीकसं पेन्शन आणि हा पिस्टन. पिस्टन चोरलेला नव्हता, भंगाराच्या भावाने रीतसर विकत घेतलेला होता. 'निकामी पिस्टन, नग १' अशी पावती त्यांनी चौघडी करून तबकाच्या तळाशी, सुपारीखाली ठेवली होती. का ठेवली, हे तेव्हा मला कळलं नाही. ही पावती ध्यानात असू द्या. पुढे तिच्याविषयी मला एक कबुली द्यायची आहे.

काका गेले, काकू गेल्या, आणि तबक वारसाहक्काने माझ्याकडे आलं. आमचं गाव असं, की इथे डोक्यावरून विमान गेलं नाही असा आठवडा विरळा. रत्नागिरीचा विमानतळ आमच्या मिरजोळ्याच्याच माळावर, आणि तिथे तटरक्षक दलाचा तळ. विमान घरघरत गेलं की ओटीवरचा पाहुणा मान वर करतो, मग मान खाली आणताना त्याची नजर तबकावर पडते, आणि तो हमखास विचारतो, "हे काय हो?"

मी खरं ते सांगायचो. काका मेकॅनिक होते, त्यांनी आणलं. पाहुणा म्हणायचा, "अस्सं," आणि कोकम सरबताकडे वळायचा. हे 'अस्सं' मी वीसेक वर्षं ऐकलं. 'अस्सं' हा मराठीतला सर्वांत निर्दय शब्द आहे. शिवीला निदान उत्तर देता येतं.

मग एका मे महिन्यात पुण्याचे दूरचे मेहुणे आले. त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूला इतिहास होता. त्यांची पानाची पिशवीसुद्धा पेशवाईतली. त्यांनी तबकाकडे बघून "हे काय हो?" म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"हा ना? जे. आर. डी. टाटांच्या विमानाचा पिस्टन."

मेहुण्यांचा सरबताचा पेला हवेतच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मला 'अस्सं' ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते "काय सांगता!"

आता खोटं बोलायचं तर ते अभ्यास करून बोलावं, असा माझा स्वभाव. मी वाचनालयात जाऊन सगळं वाचून काढलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि मुंबईत जुहूला पोचले. विमान पस मॉथ, एकच इंजिन, त्याचं नाव गिप्सी, ताकद १२० अश्वशक्ती. आजच्या एखाद्या बऱ्याशा मोटारीएवढी. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते तसल्याच एका जुन्या लेपर्ड मॉथमधून कराचीहून मुंबईला पुन्हा एकटे आले. हे सगळं शंभर टक्के खरं. मी त्यात फक्त एक पिस्टन घातला. दुधात पाणी घालणाराही दूध खरंच वापरतो.

बघता बघता आमची ओटी गावात प्रसिद्ध झाली. लोक पाहुण्यांना आधी थिबा राजवाडा दाखवत, मग रत्नदुर्ग, आणि मग आमचं तबक. काका या कथेतून हळूहळू बाहेर पडले. आधी ते 'टाटांच्या विमानाचे मेकॅनिक' झाले, मग 'टाटांच्या ओळखीचे' झाले, आणि शेवटी त्यांची गरजच उरली नाही. एक दिवस एक पाहुणा अडकित्ता उचलायला गेला आणि पावतीचं टोक वर आलं. मी ते पटकन दाबलं. त्याच संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवताना ती पावती मी आत टाकली. चार इंचांचा कागद. पाणी तापायच्या आत जळून गेला.

आता या ठिकाणी नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. नुकसान कुणाचं झालं? टाटांचं नाही. पाहुण्यांना आनंदच झाला. काकांचं म्हणावं, तर ते तक्रार करायला हयात नव्हते. शिवाय अशा गोड खोट्याची परंपरा आपल्याकडे थोरामोठ्यांची आहे. शिवकर बापूजी तळपदे यांचंच घ्या ना.

तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं, आणि त्याचं इंजिन पाऱ्यावर चालत होतं, ही गोष्ट आमच्या ओटीवर वर्षातून दोनदा तरी होते. तळपदे हा माणूस खरा. विमानविद्येचं त्याचं वेडही खरं, आणि त्या काळात असलं वेड लागणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा कुणाच्या हाती लागलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तपासला. १९७४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की हा ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत. आता पाऱ्याचं इंजिन अगदीच अशक्य असं नाही. अमेरिकेने १९६४ साली पाऱ्याच्या आयनांवर चालणारं इंजिन अंतराळात चालवून दाखवलं. पण तसल्या इंजिनाचा जोर किती, तर हातावर पोस्टकार्ड ठेवल्यावर जेवढं ओझं वाटावं, साधारण तेवढा. अंतराळात तो पुरतो. चौपाटीवर त्याने फार तर भेळेचा कागद उडाला असता.

हे मी ओटीवर एकदा बोलून पाहिलं. लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच ते विमान पाडलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नसलेल्या इंजिनाची एक मोठी सोय असते. त्याला गंज चढत नाही. ते पुसावं लागत नाही, तेल द्यावं लागत नाही, जागा अडवत नाही, आणि मुख्य म्हणजे ते कधी आपल्याविरुद्ध साक्ष देत नाही.

खऱ्या इंजिनाचं तसं नाही. 'मरुत्सखा'च्या नावातला अर्धा भाग घेऊन आपल्या देशात एक खरंखुरं विमान झालं, 'मरुत'. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बंगळूरला त्याची आखणी झाली, आणि १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. एकूण १४७ बनली, १९७१ च्या युद्धात लढली. देहयष्टी अशी देखणी, की वधूपक्षाने बघताच होकार द्यावा. पण ज्या जोरदार इंजिनासाठी ती बांधली होती ते इंजिन काही आलं नाही. ते वाढवण्याचा खर्च कुणी उचलायचा यावर गाडं अडलं, आणि ऑर्फियस नावाच्या कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर मरुताने सगळी नोकरी काढली. त्यातलं एक विमान मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभं आहे. शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. आमचं विमान जगात भारी होतं म्हणणाऱ्याला ते आपली दोन बारीक इंजिनं दाखवतं, आणि आपल्याला काहीच जमलं नाही म्हणणाऱ्याला ते आपलं अख्खं अंग दाखवतं. दोघांनाही ते अडचणीचं. म्हणून चौपाटीच्या विमानावर सिनेमा निघाला, आणि वरळीचं पावसात भिजतं.

एवढं सगळं मला कळत होतं, आणि तरी माझ्या ओटीवर टाटांचा पिस्टन होता. माणूस दुसऱ्याच्या बाबतीत फार लवकर तत्त्वज्ञ होतो.

पुढे गावातल्या शाळेच्या बाई आल्या. विज्ञान प्रदर्शन होतं. "भाऊ, टाटांचा पिस्टन द्याल ना? नि दोन शब्दही बोला मुलांसमोर." मी हो म्हटलं. पाहुण्यांसमोर जे चालतं ते मुलांसमोरही चालेल, असा माझा हिशेब. घरात मात्र पिस्टनला चकाकी आणायची म्हणून तयारी सुरू झाली. हिने चिंच भिजवली. पितळेचा समई-तांब्या उजळतो तर हाही उजळेल, हा सरळ न्याय.

पिस्टन परातीत, चिंच हातात, अशा ऐन मुहूर्तावर सार्जंटसाहेब आले. आमच्या पलीकडच्या वाडीत राहतात. हवाई दलातून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी डाकोटांच्या इंजिनांवर काम केलेले. टाटांचा पिस्टन आपणही एकदा पाहावा म्हणून आले होते. त्यांनी परात पाहिली आणि लहान मूल विहिरीवर वाकावं तसे ओरडले,

"वहिनी, चिंच नको! अॅल्युमिनियम आहे तो. आंबटाने काळा पडून खायला लागेल."

मग त्यांनी पिस्टन उचलला, स्वच्छ पाण्याने धुतला, पंच्याने कोरडा केला आणि मांडीवर घेतला. मी पाहत होतो. बाळाला न्हाऊ घातल्यावर आजी घेते तसा घेतला. खारी हवा लागून आलेली पांढरी पूड त्यांनी बोटाने दाखवली, पोलादी पिनवरचा तांबूस गंज दाखवला. मग खिशातून लोखंडी पट्टी काढून वर आडवी धरली. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"भाऊ, हा टाटांच्या विमानाचा, असं कोण म्हणालं?"

"असं... ऐकिवात आहे," मी म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला मराठीचा प्रयोग फार चांगला साथ देतो.

"गिप्सीचा पिस्टन साडेचार इंची. हा साडेपाच आहे. हा डाकोटाचा. ट्विन वास्प इंजिन, बाराशे अश्वशक्ती. चौदा सिलिंडर, सात पुढे, सात मागे. त्यांतला हा एक."

मी गप्प. मग ते सांगत सुटले. चौदा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग म्हणजे एका इंजिनाला अठ्ठावीस, आणि एका विमानाला छप्पन्न. सगळे काढायचे, पुसायचे, बसवायचे. इंजिन बरेच तास उभं राहिलं, की खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साठतं. तसंच चालू केलं तर तेल काही दाबलं जात नाही, मग आतला दांडा वाकतो. म्हणून विमान सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा, कुठे अडतो का. आणि तेलाची जाळी काढून बघायची, तीत धातूचा एखादा कण चमकतो का. कण दिसला, की वरचा साहेब काही म्हणो, विमान उडवू द्यायचं नाही.

"हा बघा," ते पिस्टन फिरवत म्हणाले, "कुठे जळलेला नाही, तडा नाही, रिंगांच्या खाचा धड आहेत. म्हणजे तुटला म्हणून काढलेला नव्हे, झिजला म्हणून वेळेवर काढलेला. कुणीतरी मोजला आणि बाद म्हटलं. त्या माणसाने तेव्हा डोळेझाक केली असती, तर हा पिस्टन तुमच्या ओटीवर नसता. कुठल्यातरी डोंगरात असता, आणि त्याच्याबरोबर वीस-पंचवीस माणसं."

काकांनी मला एका शब्दात जे सांगितलं होतं, त्याचा अर्थ कळायला मला पन्नासाहून जास्त वर्षं लागली. 'पुसतो' म्हणजे हे. आणि ती पावती त्यांनी का ठेवली, तेही त्याच क्षणी कळलं. 'निकामी पिस्टन, नग १.' हे त्यांचं मानपत्र होतं. मी त्याच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून मी राइट बंधूंचं पुस्तक वाचत बसलो. आपल्यासारखाच अपराध आणखी कुणी केलाय का, हे शोधण्यात रात्र बरी जाते. सापडला. साधासुधा नाही, अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था! तिचे प्रमुख लँग्ली यांनी १९०३ साली एक विमान बांधलं. त्याचं इंजिन खरोखर अप्रतिम होतं, ५२ अश्वशक्तीचं. पण विमान दोनदा पोटोमॅक नदीत पडलं. दुसऱ्यांदा पडलं त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, राइट बंधू फक्त १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर उडाले. ते इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने सहा आठवड्यांत घडवलं होतं. संस्थेला हे पचेना. तिने १९१४ साली लँग्लींचं जुनं विमान बाहेर काढवलं, त्यात गुपचूप बरेच बदल करू दिले, पाण्यावरून थोडं उडवून घेतलं, आणि पाटी लावली, की उडण्याची क्षमता असलेलं जगातलं पहिलं विमान हेच. ऑरव्हिल राइट इतका संतापला, की त्याने आपलं विमान १९२८ साली लंडनला पाठवून दिलं. संस्थेने १९४२ मध्ये चूक छापून कबूल केली, तेव्हा कुठे १९४८ साली ते विमान मायदेशी आलं. तोवर ऑरव्हिल हयात नव्हता. आणि ज्याने ते इंजिन घडवलं तो चार्ली टेलर? म्हातारपणी त्याच्या वाट्याला धर्मादाय रुग्णालयातली खाट आली. त्या इंजिनाचा मुख्य दांडा १९०६ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मागून नेला होता, तो परतच आला नाही. प्रदर्शनाला वस्तू देताना पावती घ्यावी, हा त्यातला व्यावहारिक बोध. पण पावत्यांविषयी बोलायचा अधिकार मला उरला नव्हता.

मला सगळ्यांत लागली ती एकच गोष्ट. लँग्लींचं इंजिन चांगलंच होतं! त्याला खोट्या पाटीची काही गरज नव्हती. 'उत्तम इंजिन, न उडालेलं विमान' एवढं खरं लिहिलं असतं तरी त्याची मान ताठ राहिली असती. माझ्या काकांना टाटांची गरज नव्हती, ती मला होती.

मग नवं नाव देणं, नवा मुलामा देणं हे सगळं पापच का? तसंही नसावं. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत २०१८ साली एक डाकोटा आलं. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं विमान घेऊन, इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून, राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक. विमानाला नाव दिलं 'परशुराम'. समुद्र हटवून आमचं कोकण काढलं ते परशुरामाने, तेव्हा आमच्या गावाचा त्याच्यावर थोडा हक्क पोचतोच. अंगावर क्रमांक रंगवला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. हे विमान ते नव्हे. पण ते नव्हे, हे उघड सांगितलेलं आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्यासारखं. नातू आजोबांचं पेन्शन घ्यायला गेला, की मात्र गुन्हा होतो.

सकाळी हिला सगळं सांगितलं. पावतीसकट. ही काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मुलांना खरं सांगा. मेहुण्यांना राहू दे हवं तर, ते पुण्याचे आहेत."

शाळेत मी पोरांसमोर उभा राहिलो. हातापायांना कापरं. म्हटलं, "मुलांनो, हा टाटांच्या विमानाचा पिस्टन नाही. मी इतकी वर्षं खोटं बोललो. हा डाकोटाचा आहे, आणि माझ्या काकांनी तो भंगारातून विकत आणला." आता छी-थू होईल म्हणून मी मान खाली घातली. झालं भलतंच. बाई उठून म्हणाल्या, "बघा मुलांनो, थोर माणसं किती विनयशील असतात!" आणि टाळ्या पडल्या.

कुणी विश्वासच ठेवीना. मी परत सांगितलं. परत टाळ्या. दाखवायला पावती नव्हती, ती मीच जाळलेली. खोटं बोलून मिळालेली प्रतिष्ठा खरं बोलून काही केल्या जाईना. शेवटी मी सार्जंटसाहेबांची पट्टी मागून घेतली आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात दिली. म्हटलं, "मोज. टाटांच्या विमानाचा साडेचार इंची असतो." तिने पिस्टन आडवा-उभा मोजला, दोनदा मोजला, आणि बाईंकडे बघत, जरा घाबरतच म्हणाली, "साडेपाच आहे."

वर्ग शांत झाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की जुनी इंजिनं, पिस्टन, विमानं का जपायची. आपण ज्यांची नावं घेऊन मिरवतो त्यांच्या आठवणीसाठी म्हणून नव्हे. आठवणी काय, आपण हव्या तशा करतो. जपायची ती एवढ्यासाठी, की एखाद्या दिवशी एखाद्या पोरीने पट्टी लावावी आणि आपण खोटे पडावं. कागद मी जाळू शकलो. काकांना गोष्टीतून घालवू शकलो. त्या साडेपाच इंचांचं मला काही करता आलं नाही.

मग त्याच मुलीने विचारलं, "मग तुमचे काका काय करायचे?"

मी सांगितलं, आणि मुलांनी ऐकलं. छप्पन्न प्लग, हाताने फिरवायचा पंखा, जाळीतला कण. अठ्ठावीस गुणिले दोन त्यांनी करूनही बघितले. एकानेही 'अस्सं' म्हटलं नाही.

पिस्टन आता परत ओटीवर आहे. सुपारी आणि चुना त्यातून हलवला. चुनासुद्धा अॅल्युमिनियमला खातो, असं सार्जंटसाहेब म्हणाले. पाटी मी स्वतः लिहून चिकटवली आहे. 'डाकोटा विमानाच्या इंजिनाचा पिस्टन. चौदांतला एक. वेळेवर काढला.' पाहुणे वाचतात. काही 'अस्सं' म्हणतात. मेहुण्यांना पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की तुम्ही काही म्हणा, आम्ही टाटांचाच समजतो. पुण्याला मी हात टेकले.

दर रविवारी मी पिनला यंत्राचं तेल लावतो आणि पिस्टन पुसतो. परवा माझा नातू जवळ येऊन उभा राहिला. "आजोबा, काय करता?"

"पुसतो," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून हाक आली. पानं मांडली होती, आणि हात धुतल्याशिवाय बसायचं नव्हतं.